मागाच्या शेडात भडंगाचं युनिट

आमच्या इचलकरंजीत माग विकून बसलेले लोक गल्लोगल्ली भेटतील, पण मागाच्या शेडात भडंग बनवणारे फार नाहीत, त्यामुळं ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की काय काय करावं लागलं, पैसे किती गेले, सबसिडी खरंच मिळते का, आणि मुख्य म्हणजे यात काही उरतं का. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते.

सासूबाई पहिल्यापासून दिवाळीला भडंग आणि चिवड्याच्या ऑर्डरी घ्यायच्या, चवीला गल्लीत नाव होतं. घरचा मुख्य धंदा मात्र साधे माग. कोविडनंतर सुताचे भाव, कापडाला गिऱ्हाईक नाही, शटललेस म्हणजे नव्या वेगवान मागांपुढं साध्या मागाचं कापड टिकेना, मग ह्यांनी अर्धे माग भंगारात घातले आणि शेडचा अर्धा भाग रिकामा झाला. तेव्हा ठरवलं की घरगुती ऑर्डरी बाजूला ठेवून नीट युनिट टाकायचं. सांगली-जयसिंगपूरच्या भडंगाचं नाव सगळीकडं आहे, पुण्या-मुंबईला जाणारा माणूस पिशवी भरून नेतो, मग मागणी आहे हे काय वेगळं सिद्ध करायचं नव्हतं.

पहिलं काम फूड लायसन्सचं. आम्ही सुरुवात केली तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखाच्या आत असेल तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) फक्त नोंदणी लागायची, वर्षाला 100 रुपये फी, फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर घरबसल्या झाली. 12 लाख ऐकायला मोठे वाटतात पण ही उलाढाल आहे, नफा नाही, म्हणजे महिन्याला लाखभराचा माल विकला की संपलं. त्याच्या वर गेलं की राज्याचं लायसन्स, रोज एक टनाच्या आत माल काढत असाल तर त्याची फी तेव्हा वर्षाला 3,000 होती. मी आधी घरच्या पत्त्यावर नोंदणी काढली आणि शेड तयार झाल्यावर लायसन्सला गेले. ही आधीची नोंदणी पुढं कर्जाच्या वेळी फार कामाला आली, ते सांगतेच.

शेड दाखवायला लाज वाटावी अशी होती. वर्षानुवर्षं मागाचं तेल पिऊन फरशी काळी झालेली, छताच्या अँगलवर सुताचा फुफाटा बसलेला, बोट लावलं की खाली पडायचा. इकडं अर्धे माग अजून चालूच होते, म्हणजे मधे पक्की भिंत घातल्याशिवाय सोय नव्हती, नुसतं पार्टिशन चाललं नसतं कारण सुताचा धुरळा कुठनंही येतो. भिंत, फरशी, चार फुटांपर्यंत टाइल्स, खिडक्यांना जाळ्या, ट्यूबलाइटना कव्हर (काच फुटून मालात पडू नये म्हणून), हात धुवायला वेगळं बेसिन. माझ्या हिशोबात मशीन मोठा खर्च होता, प्रत्यक्षात गवंड्यानं आणि टाइल्सवाल्यानं जास्त खाल्लं. कामाला आलेल्या बायका बहुतेक मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्याच, हात चपळ, पण डोक्याला जाळीची टोपी घालायची म्हटलं की सगळ्या हसायच्या. सगळ्यांची मेडिकल सर्टिफिकेटं काढली, आणि अन्नसुरक्षेचं फॉस्टॅक ट्रेनिंग मी स्वतः केलं.

पाण्याचा रिपोर्ट लागतो. आता इचलकरंजीच्या माणसाला पाण्याचा रिपोर्ट मागायचा म्हणजे काय बोलायचं. 2012 ची कावीळ इथला कुणी विसरलेला नाही, पंचगंगा कशी आहे ते नाकालाच कळतं, आणि नळाला पाणी कधी येईल ते आपल्या हातात नाही. भडंगात पाणी जात नाही ही देवाची कृपा, पण लसूण-कढीपत्ता धुवायला, भांडी आणि हात धुवायला लागतंच. टाकी, फिल्टर, मग लॅबचा रिपोर्ट, असं करून ते बसवलं. तपासणीला आलेल्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ त्या टाकीपाशीच घालवला, झाकण उघडून आत टॉर्च मारून बघितलं, आणि मला ते बरं वाटलं खरं तर.

विजेचं एक आहे जे मागवाल्यांनी नक्की लक्षात ठेवावं. मागाला सवलतीचा वेगळा दर असतो, त्याच मीटरवर दुसरा धंदा चालवला तर महावितरणच्या लेखी तो गैरवापर. त्यामुळं भडंगाच्या भागाला वेगळं कनेक्शन साध्या औद्योगिक दरानं घ्यावं लागलं. ह्यांचं म्हणणं होतं की कोण बघतंय, पण त्यांच्याच एका मित्राला दंडाची नोटीस आलेली बघून गप्प झाले.

आता कर्ज आणि सबसिडी. केंद्राची पीएमएफएमई म्हणून योजना, 2020 ला सुरू झालेली, बारक्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी. आम्ही अर्ज केला तेव्हा प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, स्वतःचे किमान 10 टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. आपल्याकडं हे काम कृषी विभाग बघतो आणि जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्या अर्ज भरून देतात, प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतात. त्यांचं मानधन सरकार देतं, आपण एक रुपया द्यायचा नसतो, कुणी मागितला तर तो दुसराच कुणीतरी आहे असं समजा.

योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन ठरवलेलं आहे आणि कोल्हापूरला ते गूळ. नवीन युनिट असेल तर सुरुवातीला त्या ठरलेल्या उत्पादनाचंच लागायचं, हा नियम नंतर सैल केला. आम्ही गुळवाले नव्हतो, पण घरच्या पत्त्यावरची ती 100 रुपयाची नोंदणी आणि विक्रीच्या वह्या होत्या, त्यावर आमचा चालू उद्योग धरला गेला आणि चालू उद्योगाला ती अट नव्हती. संसाधन व्यक्ती म्हणाल्या, "ताई, ही नोंदणी नसती तर आपण आत्ता इथं बसलोच नसतो."

प्रोजेक्ट 8 लाखाचा धरला. आमचे 80 हजार, बँकेचे 7 लाख 20 हजार, अनुदान 2 लाख 80 हजार. पोर्टलवर सगळं लवकर सरकलं आणि बँकेत जाऊन अडकलं. कुठली बँक ते सोडा. मागाच्या जुन्या कर्जाचे ह्यांचे काही हप्ते कोविडात थकले होते, ते सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डला, दिसत होतं. अर्ज माझ्या नावावर, उद्यम नोंदणी माझ्या नावावर, माझं सिबिल कोरं, तरी साहेब ह्यांचाच कागद पुढं करायचे. वर तारण मागायचे. सरकारची क्रेडिट गॅरंटी आहे ना असं म्हटलं की ते असतंय हो कागदावर, असं उत्तर. शेवटी ते साहेब बदलून गेले, नवीन आलेल्या बाई शेडवर येऊन बघून गेल्या, भडंग खाल्ली, मग फाईल हलली. योजना चांगली आहे, पण तुमच्या शाखेत त्या वेळी खुर्चीत कोण बसलंय यावर तिचं सगळं अवलंबून आहे, हे माझं स्पष्ट मत.

आणि सबसिडी हातात येत नाही हे ध्यानात घ्या. ती बँकेत वेगळी ठेवतात, तीन वर्षं कर्ज नीट फेडत राहिलात की मग कर्जात जमा होते. मधे खातं थकलं तर गेली. त्यामुळं 2 लाख 80 हजार मिळणार म्हणून त्यात मशीन घेऊ असं गणित करू नका, सुरुवातीचे पैसे सगळे आपले आणि कर्जाचेच असतात.

आता माल. घरी दोन किलो भडंग करणं आणि रोज दीड-दोनशे किलो करणं यात फक्त कढई मोठी होते असं मला वाटायचं. तसं नाही. चुरमुरे आमच्याकडं जास्त करून कर्नाटकातनं येतात, तिकडं बेळगाव, दावणगेरे भागात भट्ट्या आहेत. भडंगाचा चुरमुरा भेळेच्या चुरमुऱ्यापेक्षा मोठा आणि खारा असतो. पोत्यातला माल आधी चाळून घ्यायचा, वाळू, कोंडा, तुकडा निघतो, पोत्यामागं तीन-चार टक्के तर तिथंच जातात. मग तो कडक करायचा. सासूबाई उन्हात घालायच्या, युनिटला ते चालत नाही, धूळ आणि चिमण्या, म्हणून ट्रे ड्रायर घेतला. ओलावा राहिला तर फोडणी कितीही चांगली असू दे, दोन दिवसात माल वातड.

शेंगदाणे तळून घ्यायचे सालासकट. लसूण सालासकटच जाडसर ठेचायचा, पेस्ट केली की करपते आणि कडू लागते. लसूण तेलात टाकल्यावर बुडबुडे कमी होईपर्यंत, म्हणजे त्यातलं पाणी जाईपर्यंत थांबायचं, रंग बदलायला लागला की कढीपत्ता, मग गॅस बंद करून हळद आणि तिखट. तिखट गरम तेलात गेलं की काळं पडतं. हे सगळं सासूबाई नुसत्या वासावर करायच्या, आम्हाला थर्मामीटर लावून, वजन करून लिहून काढावं लागलं कारण रोज त्या कढईपाशी उभ्या राहणार नाहीत. मग फिरत्या ड्रममधे चुरमुरे आणि फोडणी एकत्र, वरनं मीठ, पिठीसाखर, मेतकूट. ड्रम जास्त फिरला तर चुरमुरा मोडतो, कमी फिरला तर एका पाकिटात नुसतं तिखट आणि दुसरं पांढरं. पहिल्या काही घाण्यांत हे दोन्ही झालं, तो माल गल्लीत वाटून टाकला, गल्ली खूश.

तेलाचं पण एक बघायचं. तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही असा 2018 पासून नियम आहे. रोज 50 लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंदच ठेवावी लागते. आम्ही त्याच्या आत आहोत तरी मी तपासणीची पट्टी लावून बघते. शेंगदाण्याचं उरलेलं तेल फोडणीला वापरायचा मोह सगळ्यांना होतो, आठ दिवसांनी पाकीट उघडलं की खवट वास येतो तो त्याचाच.

पॅकिंगमधे तर डोळेच उघडले. दुकानात टांगलेली चकचकीत रंगीत पाकिटं बघतो ना, ती छापायला प्रत्येक रंगाचा एक सिलिंडर कोरावा लागतो, पाच रंग असतील तर पाच सिलिंडर, आणि 100 ग्रॅमला वेगळे, 200 ग्रॅमला वेगळे. वर फिल्मचा रोल थोडाथोडका कुणी छापून देत नाही, शंभर किलोच्या खाली बोलणंच नाही. एवढी फिल्म घेऊन ठेवली आणि तेवढ्यात सरकारनं लेबलचा एखादा नियम बदलला की सगळी रद्दी. म्हणून आम्ही साधे चंदेरी पाऊच घेऊन वर स्टिकर लावतो. स्टिकरवर एफएसएसएआय नंबर, हिरवा ठिपका, घटक, शेंगदाणा आहे ही ॲलर्जीची सूचना, पोषणमूल्यं (त्यासाठी लॅबची टेस्ट), बॅच नंबर, तारीख, एमआरपी, तक्रारीसाठी फोन, आणि 2022 पासून ग्रॅममागं किती रुपये पडतात तेही. शिवाय पाकिटबंद माल विकता म्हणून वैधमापन म्हणजे वजन-मापवाल्यांकडं पॅकर म्हणून नोंदणी, ही बऱ्याच जणींना माहीतच नसते. नायट्रोजन भरायची सोय केल्यावर माल तीन महिने कुरकुरीत राहायला लागला. तोपर्यंतचा पावसाळा मात्र विचारू नका. जुलैमधे दुकानदार अर्धी-अर्धी पिशवी परत द्यायचे, वहिनी नरम पडलंय, बदलून द्या.

विक्रीला उतरल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, पाच रुपयाचं पाकीट काढा, तेच चालतंय. काढून बघितलं. पाच रुपयातले दुकानदाराला एक रुपया, मोटारसायकलवर माल टाकणाऱ्या पोराला पस्तीस पैसे, फिल्म आणि नायट्रोजन मिळून पंचेचाळीस पैसे, आत पंधरा ग्रॅम माल म्हणजे जवळजवळ दोन रुपये, मजुरी-गाडी साठ पैसे. हातात राहतात साठ-पासष्ट पैसे, त्यातनं वीज, बँकेचा हप्ता आणि परत आलेला माल. शेजारी राजकोटच्या बालाजीचं, गोपालचं पाकीट टांगलेलं असतं, ते फुगलेलं आणि त्यात माल जास्त. गोपाल तर 2024 ला शेअर बाजारात आली, नागपुरात त्यांचा कारखाना आहे, बिकाजी 2022 ला आली. ही माणसं बटाटा, बेसन, तेल ज्या भावात आणि ज्या प्रमाणात उचलतात त्याच्याशी आमची तुलनाच होत नाही. पोरांना पाच रुपयात काय मिळतंय एवढंच कळतं. त्या माळेच्या शर्यतीत बारक्या युनिटनं उतरूच नये या मताची मी झाले. ते पाकीट बंद केलं आणि 200 आणि 500 ग्रॅमवर राहिलो, जे घरात नेतात, गावाला नेतात, ज्यांना लसणाची चव हवी असते. मोठ्या कंपन्या अजून ही ठेचलेल्या लसणाची भडंग नीट करत नाहीत, आम्ही जगलोय ते त्या लसणावर.

आणि त्याच लसणानं मारलं पण. 2023 संपता संपता लसूण किलोला 400 रुपयांवर गेला, आमच्या दहा किलो चुरमुऱ्याला दीड किलो लागतो, करा हिशोब. ओळखीचे काही भडंगवाले पावडरीवर गेले. सासूबाईंनी पावडरीचा घाणा चाखून काही न बोलता डिश सरकवून ठेवली, मग आम्ही तीन महिने नफा सोडून खरा लसूणच घातला. तो उतरतोय तोवर सप्टेंबर 2024 मधे सरकारनं आयात तेलावरची ड्युटी वाढवली, कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफुलावर शून्याची एकदम 20 टक्के, सेस धरून साडेसत्तावीस. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून केलं, शेतकऱ्याचं बरोबरच आहे, पण ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर, आमच्या ऑर्डरी जुन्या भावात घेऊन झालेल्या. मे 2025 च्या शेवटी ती 10 वर आणली. वाढलेला भाव आमच्या तेलवाल्याकडं दुसऱ्या दिवशी आला होता, उतरलेला यायला बराच वेळ लागला. मोठे लोक तेल आधीच बुक करून ठेवतात. आम्ही डब्यावर जगतो.

जीएसटीचं जरा किचकट आहे पण यातच खरी मेख आहे म्हणून लिहिते. उलाढाल 40 लाखाच्या वर जायला लागल्यावर आम्ही कंपोझिशनमधे, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, नोंदणी घेतली. उलाढालीवर सरळ 1 टक्का भरायचा, हिशोब सोपा. पण मशीनवर भरलेला 18 टक्के जीएसटी परत मिळत नाही, आणि बिलावर जीएसटी लावता येत नाही, त्यामुळं मोठे डिस्ट्रिब्युटर दारात उभं करत नाहीत. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडनं घेतलं तर मला क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) नाही आणि पुढं विकताना मला पूर्ण 12 टक्के भरायचे. बरोबर होतं त्यांचं. दुसरं म्हणजे कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. इचलकरंजीहून निपाणी किती लांब आहे? तिथं पाट्या कानडी असल्या तरी दुकानदार आमच्याशी मराठीतच बोलतो, त्याच्याकडं गिऱ्हाईक मागतंय, आणि आम्ही चुरमुरे कर्नाटकातनं आणू शकतो पण त्याची भडंग करून परत तिकडं विकू शकत नाही. ह्यांना हे कितीदा समजावून सांगितलं तरी पटत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून पाकिटबंद नमकीनवरचा दर 12 चा 5 झाला. पेपरात सगळीकडं छोट्या उद्योगांना दिलासा असं आलं. आमच्यासारख्या कंपोझिशनवाल्यांना त्यातनं थेट काहीच नाही, आम्ही आधी 1 भरत होतो, आताही 1 च. उलट मोठ्यांनी पाच-दहाच्या पाकिटात ग्रॅम वाढवले आणि दुकानदार आम्हाला विचारायला लागले, जीएसटी कमी झाला ना वहिनी, तुमचा भाव का नाही उतरला? प्रत्येकाला कंपोझिशन समजावत बसायचं का?

पण 5 टक्के झाल्यामुळं एक दार उघडलंय. कंपोझिशन सोडून रेग्युलर जीएसटीमधे गेलो तर बिलावर 5 च लावायचे, तेल-मसाल्यावरच्या 5 चं आणि पाऊचवरच्या 18 चं क्रेडिट मिळणार, डिस्ट्रिब्युटरची तक्रार संपणार, आणि राज्याबाहेर विकता येणार. सीए म्हणाले शिलकी मालावरचं क्रेडिटही मागता येईल, मशीनचं बिल मात्र वर्षाच्या वर जुनं झालंय, ते गेलं. महिन्याच्या महिन्याला रिटर्नचं काम वाढेल आणि त्यांची फी पण. सगळं जमा-वजा करून नवीन आर्थिक वर्षापासून रेग्युलरला जायचं ठरवलंय. निपाणीच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं की एप्रिलपासनं बिलावर माल देते. तो म्हणाला एप्रिल-मे भरपूर द्या, जूनला मात्र जरा हात आखडता घ्या वहिनी, आमच्याकडं पण पाऊस पडतोय.